रांगोळी, पाईप आणि तेलाचा डबा : आवाजातनं चित्र काढायचं कसं, घरच्या घरी

गाणं चालू आहे आणि मागं पडद्यावर ढग, समुद्र, रंगीत गोल फिरतायत, असले कार्यक्रम सगळ्यांनीच बघितलेत. त्यात गाणं बंद केलं तरी ढग आपले फिरतच असतात, म्हणजे दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. इथं सांगतोय ते वेगळं आहे. चित्र आवाजानंच काढलं पाहिजे, त्याच क्षणी, सगळ्यांसमोर, आणि तो आवाज काढणारं वाद्य आपण हातानं बनवलेलं असलं पाहिजे. आवाज थांबला की चित्र व्हायचं थांबलं पाहिजे. एवढी एकच अट ठेवा, बाकी सगळं तुमच्या मनानं करा.

कोल्हापुरात राहणाऱ्याला यासाठी लांब जायला लागत नाही. पत्रा उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, पाहिजे त्या मापाला कापून मिळतो, ऊस असलेल्या प्रत्येक घरात पाईपलाईनचे तुकडे पडलेले असतात, रांगोळी कुठंही मिळते आणि चांगली तार पाहिजे असेल तर सतार-तंबोरे करणारं मिरज ५० किलोमीटरवर आहे. आणि पाहिजे ती वस्तू नसेल तर ती स्वतः करायची ही या गावाची जुनी सवय आहे, बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये सिनेमाचा कॅमेराच स्वतः तयार केला आणि त्यावर १९२० चा 'सैरंध्री' काढला. त्यामानानं आपलं काम सोपं आहे, दोन-तीन रविवार आणि तीन-चार माणसं पुरतात.

पहिलं काम : सा ठरवा

बरेच जण इथंच घाई करतात. डबा मिळाला, वाजवला, पाईप मिळाला, वाजवला, आणि मग चार वाद्यं चार सुरांत. मग ऐकणारा पाच मिनिटांत कंटाळतो. आपण सगळं एकाच सा वर आणू. मी पेटीतली पांढरी एक, खालच्या सप्तकातली, धरतो, म्हणजे सुमारे १३० हर्ट्झ. मोबाईलवर फुकटचं ट्यूनर ॲप टाकून घ्या, ते सतत लागतं. आणि राग म्हणाल तर भूप, सा रे ग प ध, पाचच सूर, कुठलाही पाईप कुठल्याही पाईपनंतर वाजला तरी कानाला टोचत नाही, म्हणून नवख्या लोकांना घेऊन करताना भूपच बरा.

पाईपांचं वाद्य

दोन इंची पीव्हीसी पाईप, बाहेरून ६३ मिमी, शेतीला वापरतात तोच. सहा मीटरची एक लांबी पुरते, मी मुद्दाम तसा हिशोब बसवलाय.

दोन्ही तोंडं उघडी असलेल्या पाईपात हवेची लाट पाईपाच्या लांबीत अर्धी बसते. म्हणून लांबी = आवाजाचा वेग भागिले सुराच्या हर्ट्झची दुप्पट. आपल्याकडच्या २५-२६ डिग्रीला वेग सेकंदाला सुमारे ३४७ मीटर, म्हणजे सा साठी १३२.६ सेंमी येतं. पण हवा पाईपाच्या तोंडाशी थांबत नाही, थोडी बाहेरपर्यंत हलते, म्हणून आतल्या व्यासाच्या साधारण ०.६ पट लांबी कमी करायची. या पाईपाला ती ३.५ सेंमी धरा. शेवटी कापायची मापं अशी आली :

सा १२९.१, रे ११४.४, ग १०२.६, प ८४.९, ध ७६.१, वरचा सा ६२.८ सेंमी.

बेरीज ५७० च्या आसपास, म्हणजे वीस-पंचवीस सेंमीचा तुकडा उरतो, तो टाकू नका, पुढं लागणार आहे. आधी प्रत्येक पाईप एक सेंमी जास्त कापा, वाजवा, ट्यूनरवर बघा आणि मग हळूहळू घासत सुरावर आणा. पाईप लांब असेल तर घासून आखूड करता येतो, आखूड झाला तर गेला. करवतीनं कापताना पाईपाभोवती कागद गुंडाळून कडेनं रेघ मारा, काप सरळ येतो.

वाजवायचं कशानं? स्लीपरनं. रबरी, स्पंजची, पायातली स्वच्छ धुतलेली. पाईपाच्या तोंडावर सपाट मारायची आणि मारल्या मारल्या उचलायची. उचलली तर दोन्ही तोंडं उघडी राहतात आणि आपण मोजलेला सूर येतो, तशीच दाबून धरली तर एक तोंड बंद होतं आणि सूर साधारण सप्तकभर खाली जातो. म्हणजे एका पाईपात दोन सूर आहेत. हा फरक हाताला बसायला अर्धा तास लागतो, पण एकदा बसला की वाजवणाऱ्याला सोडवत नाही. कोल्हापुरी चप्पल वापरून बघितली मी, आपल्या गावची म्हणून फार इच्छा होती, पण चामडं कडक, तोंड नीट झाकत नाही आणि सुराऐवजी टोलाचाच आवाज जास्त येतो. स्लीपरच घ्या.

पाईप दोन आडव्या बांबूंना सुतळीनं बांधा, तोंडं एका रेषेत, कमरेच्या उंचीवर. आणि एक लक्षात ठेवा, हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, एका डिग्रीला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. दुपारी गच्चीवर सगळे पाईप थोडे चढतात आणि रात्री उतरतात, पण सगळे मिळून चढतात-उतरतात त्यामुळं आपसात बेसूर होत नाहीत. कार्यक्रमाच्या वेळी तारेचं वाद्य पाईपांना जुळवायचं, उलटं नाही.

रांगोळीची पाटी (इथं सगळ्यात जास्त वेळ द्या)

माझ्या मते या सगळ्याचा जीव ही पाटी आहे. हेच वाद्य आणि हेच चित्र.

जर्मनीतल्या अर्न्स्ट क्लाड्नीनं १७८७ च्या पुस्तकात हे दाखवलं, की धातूच्या पाटीवर वाळू टाकून कडेला व्हायोलिनचा गज ओढला की वाळू आपोआप रेषांत जमते. पाटी थरथरते तेव्हा तिचे काही भाग जोरात वर-खाली होतात आणि काही रेषा जागच्या हलत नाहीत. वाळू उडत उडत त्या न हलणाऱ्या रेषांवर येऊन बसते. नेपोलियननं हा प्रयोग बघितला, मग याचं गणित मांडणाऱ्याला फ्रान्समध्ये बक्षीस जाहीर झालं आणि ते १८१६ मध्ये सोफी जर्मेन या बाईंना मिळालं. आपल्याला त्या गणितातलं एवढंच पुरतं : जाडी दुप्पट केली की सूर एक सप्तक वर, चौकोनाची बाजू निम्मी केली की दोन सप्तकं वर.

सामान : २ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, चौकोनी, बाजू २३ सेंमी. पाच मिमीचा बोल्ट, दोन नट, दोन वायसर, खाली जड लाकडी ठोकळा. काळा मॅट रंग, शाळेच्या फळ्याला लावतात तसला. स्वस्तातला व्हायोलिनचा गज आणि राळ.

पत्रा कापून घेताना कारागिराला स्पष्ट सांगा की चारी बाजू सारख्या पाहिजेत आणि पत्रा वाकलेला चालणार नाही. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा मारा, जिथं छेदतात तिथं बरोबर भोक. हे भोक दोन मिमी जरी सरकलं तरी चित्र तिरकं येतं. कडा आधी कानसनं, मग पॉलिश पेपरनं गोल करा, नाहीतर गजाचे केस तुटतात. वरच्या बाजूला रंग पातळ मारा. ठोकळ्यात बोल्ट उभा बसवा आणि पाटी दोन नटांच्या मध्ये घट्ट आवळा, बाकी तिला कुठंच काही टेकता कामा नये.

आता वाजवायचं. गजाला भरपूर राळ लावा. पाटीच्या एका बाजूच्या बरोबर मध्यावर डाव्या हाताचं बोट हलकं टेकवा आणि गज कोपऱ्याजवळ कडेला उभा, वरून खाली, सावकाश पण दाबून ओढा. लागला की कळतंच, पाटी गायला लागते. ही पाटी २२.५ सेंमीच्या आसपास असेल तर १३० च्या जवळ सूर येतो, म्हणजे आपला सा. म्हणून २३ ची घ्यायला सांगितली, सूर खाली वाटला तर चारी कडा सारख्या घासत वर आणायचा. प्रत्येक पत्र्याचा धातू थोडा वेगळा असतो त्यामुळं मापावर डोळे झाकून विसंबू नका, कानावर विसंबा. या सुराला रांगोळी अधिकच्या चिन्हासारखी, मध्यातून जाणाऱ्या दोन रेघांत बसते.

आता बोट कोपऱ्यावर ठेवा आणि गज बाजूच्या मध्यावर ओढा. रांगोळी उठते, एकदम गोंधळ होतो आणि ती फुलीसारखी, कोपऱ्याकडून कोपऱ्याकडं जाते. आणि सूर? जवळपास पंचम, किंचित उतरलेला. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी बराच वेळ तेच तेच करत बसलो होतो, सा म्हणजे अधिक आणि प म्हणजे फुली, हे कुणी ठरवलेलं नाही, पत्र्यातच आहे. पुढं दोन बोटं वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून बघा, गज कोपऱ्यापासून तिसऱ्या भागावर धरा, वरचे सूर निघतात आणि चित्रं जाळीसारखी बारीक होत जातात. प्रत्येक सापडलेलं चित्र, बोटं कुठं आणि गज कुठं, वहीत काढून ठेवा.

रांगोळीचं एक सांगायला पाहिजे कारण माझे दोन दिवस त्यात गेले. मी रंगीत, एकदम बारीक रांगोळी घेतली होती, दिसायला छान म्हणून. ती रेषांवर जायच्या ऐवजी नेमकी उलट्या जागी, जिथं पाटी जास्त हलते तिथं छोटे छोटे ढीग करून बसायची. मला वाटलं भोक चुकलं, परत नवीन पत्रा कापला. नंतर कारण समजलं, मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये ते शोधलेलं आहे : हलणाऱ्या पाटीवर हवेचे बारीक झोत तयार होतात आणि अगदी हलकी पूड त्या झोतांबरोबर ओढली जाते, जड कण ओढले जात नाहीत. म्हणून जाडसर पांढरी रांगोळी घ्या आणि चहाच्या गाळणीतून खाली पडणारी पूड बाजूला काढून वरचीच वापरा. रवासुद्धा चालतो, बारीक वाळू चालते. मीठ हिवाळ्यात चालतं, जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमट हवेत त्याचे गोळे होतात. आणि आता मला असं वाटतं की बारीक पूड फेकून देऊ नये, पांढरी जाड आणि लाल बारीक एकत्र टाकली तर एकाच सुरात पांढऱ्या रेषा आणि लाल ढीग दोन्ही मिळतात. मात्र ही दगडाची पूड आहे, मास्क लावा आणि पोरांना फुंकर मारू देऊ नका.

गळ्यासाठी डबा

गाणारं माणूस असेल तर हे कराच. वेल्समधल्या मार्गारेट वॉट्स ह्यूज या गायिकेनं १८८५ मध्ये स्वतःचा आवाज मोजायला एक साधन केलं, नळीत गायचं आणि वर ताणलेल्या पडद्यावर पूड नाचायची. त्यातनं तिला फुलांसारखे, पानांसारखे आकार मिळायला लागले.

एक लिटरचा रिकामा रंगाचा डबा स्वच्छ करा. बाजूला पाईपाच्या मापाचं भोक पाडा (कडा धारदार असतात, हातमोजे घाला), आपला उरलेला पाईपाचा तुकडा त्यात बसवून एम-सीलनं फट बुजवा. वर मोठा काळा फुगा कापून ताणून बसवा आणि दोऱ्यानं घट्ट बांधा, सगळीकडं ताण सारखा पाहिजे. त्यावर चिमूटभर रवा. पाईपात तोंड घालून नाही, दोन बोटं लांब ठेवून 'आ' लावायचा.

सूर सरळ धरला तरच आकार टिकतो, थरथरला की रवा विस्कटतो. म्हणून गाणाऱ्यासाठी हा रियाझही आहे. कोल्हापूर दरबारात अल्लादियाँ खाँसाहेब होते, त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्यात 'आ'कारात गाण्याला केवढं महत्त्व आहे ते इथल्या गाणं शिकणाऱ्यांना सांगायला नको, अशा 'आ'कारात तयार झालेला गळा मिळाला तर या फुग्यावर जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. गाणाऱ्याला सावकाश मींड घ्यायला, म्हणजे न तोडता एका सुरावरून दुसऱ्यावर सरकायला सांगा, एका आकारातनं दुसऱ्यात जाताना मध्ये रवा सैरभैर होतो, तो क्षण मला सगळ्यात आवडतो.

तेलाच्या डब्याचं तुणतुणं

हे सोपं आहे, थोडक्यात सांगतो. पंधरा किलोचा तेलाचा डबा, कळकाची सव्वा मीटर लांब, जाड काठी, सतारीची किंवा गिटारची एक तार. तुणतुण्याची युक्ती अशी की तार खालच्या चामड्यातूनच ओवलेली असते, त्यामुळं चामडंच तारेबरोबर ताणलं जातं. तेच डब्याच्या तळाशी करायचं : वरचं तोंड पूर्ण कापून काढा, तळाच्या मध्यावर बारीक भोक, बाहेरच्या बाजूनं तारेला वायसर अडकवून तार आतून वर आणा, काठी डब्याच्या बाजूला आतून दोन बोल्टनी पक्की करा आणि वरच्या टोकाला लाकडी खुंटी. खुंटी पिळून सा वर आणा. वाजवताना काठी आत दाबली की सूर उतरतो, सोडली की चढतो. पहिल्यांदा तार चढवताना चेहरा लांब ठेवा, तुटली तर डोळ्याकडं येते.

डब्याचा आवाज मोठा करायला माईक लावू नका, बझरमधली पितळी चकती लावा, २७ मिमीची पिझो, इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात अगदी स्वस्त मिळते. पितळी कडेला जमिनीची वायर, मधल्या पांढऱ्या भागाला सिग्नलची, सोल्डरिंगची इस्त्री पटकन उचला कारण तापली की चकती खराब होते. वायर जाळीवाली शिल्डेड घ्याच, साधी घेतली की घरातल्या लाईटचा ५० हर्ट्झचा घूंऽऽ आवाज सगळ्यावर बसतो. चकती तारेच्या भोकाजवळ डबल टेपनं चिकटवा आणि गिटारसाठी इनपुट असलेल्या ॲम्प्लिफायरला जोडा, साध्या माईकच्या इनपुटला जोडली तर खर्ज निघून जातो आणि आवाज पत्र्यासारखा येतो.

चित्र मोठं कसं दाखवायचं

पाटी केवढीशी, दहा माणसांच्या मागं उभा असलेल्याला काय दिसणार. मोबाईल पाटीच्या बरोबर वर, खाली तोंड करून बांधा, एचडीएमआय केबलनं प्रोजेक्टरला किंवा टीव्हीला द्या. वायफायवरून दाखवू नका, चित्र मागं पडतं, आणि आपला सगळा मुद्दाच आवाज आणि चित्र एका क्षणाला आहेत हा आहे. फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा. पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर शटर १/५० किंवा १/१०० ला ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळं दिव्याची लुकलुक त्यात लपते.

दिवा वरून नको. एक टॉर्च पाटीच्या पातळीला, बाजूनं, जवळजवळ आडवी ठेवा. मग रांगोळीच्या प्रत्येक कणाची सावली पडते आणि रेषा डोंगरासारख्या उठून दिसतात.

आता रचना

वाद्यं झाली म्हणजे काम झालं असं नाही. आठ मिनिटांचं काहीतरी बसवा, त्याहून मोठं पहिल्यांदा नको. ग्राफ पेपर आडवा घ्या, आडव्या दिशेला वेळ, एक चौकोन दहा सेकंदांचा, उभ्या दिशेला चार ओळी : पाईप, पाटी, गळा, डबा. कोण कधी आहे ते रंगानं भरा. नोटेशन येत नसलेल्या माणसालाही हे वाचता येतं.

एक गोष्ट मला बऱ्याच तालमींनंतर कळली. पाटीचा आवाज थांबतो पण रांगोळी तशीच राहते. म्हणजे सूर गेला आणि त्याचं चित्र समोर आहे. आम्ही सुरुवातीला लगेच पुढचा सूर लावायचो आणि ते पुसलं जायचं. आता पाटीवर फुली उमटली की सगळे हात खाली ठेवतात, वीस सेकंद पूर्ण शांतता, लोक पडद्याकडं बघत बसतात, आणि मग पाईपवाला एकदम हळू पंचम वाजवतो, जो सूर त्यांना नुसता दिसत होता तो परत ऐकू येतो. तुमच्या रचनेत अशा तीन तरी जागा ठेवा. सगळी वाद्यं एकदम फक्त एकदाच, शेवटाच्या थोडं आधी.

जागा म्हणाल तर घराची गच्ची, मंडळाची खोली, तालमीचा हॉल, काहीही चालतं, पंखे मात्र बंद पाहिजेत कारण वाऱ्यानं रांगोळी हलते. पाटीचा ठोकळा पाईपांच्या स्टँडवर किंवा स्पीकरच्या टेबलावर ठेवू नका, वेगळ्या स्टुलावर, खाली जुनी सतरंजी घडी करून. ॲम्प्लिफायर वापरताय तर रात्री दहाच्या आत आवरा, नियमच आहे. आणि लोकांना लांब खुर्च्यांवर बसवू नका, शेवटी पाटीजवळ येऊ द्या, गज हातात द्या, शेजारच्या आजींनी पहिल्याच ओढीत अधिक उमटवलेलं मी बघितलंय.

शेवटचं चित्र पुसू नका. काळ्या कार्डपेपरला पातळ डिंक लावा, थोडा ओलसर असतानाच पाटीवर सरळ वरून टेकवा, तळव्यानं हलकं दाबा आणि न सरकवता उचला. रांगोळी कागदावर येते, उलटी, आरशातल्यासारखी. वाळल्यावर जास्तीची झटका आणि मागं पेन्सिलीनं लिहून ठेवा : कुठला सूर, बोट कुठं होतं, गज कुणी ओढला, तारीख.